ट्रकची दुसरी चावी

आमच्या भोंग्याला कुठल्याच गोष्टीची घाई नसते. 'अजून वेळ आहे' हे त्याचं पालुपद. बस सुटत असताना हा बुटाची नाडी बांधत असतो, दूध उतू जायला आलं की मग शेगडीकडे हात नेतो, आणि दर वेळी वेळेवर पोचतोही, हेच वाईट आहे. एकदा जरी बस चुकली असती तरी माणूस शहाणा झाला असता. लहानपणी रडायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं म्हणून त्याचं नाव भोंगा पडलं, ते चौतिसाव्या वर्षीही पुसलं गेलेलं नाही. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. बाबा गेल्यावर काचेचं दुकान माझ्या अंगावर आलं, आणि मोठा झाल्यावर तोही त्यात आला. मी काचा कापते, तो पोचवतो.

ट्रक आम्ही जुना घेतला. आधीचा मालक गाद्या वाहायचा. मागच्या फळ्यांच्या फटींत अजून कापूस सापडतो. त्यानं दोन चाव्या दिल्या. एक चालणारी, दुसरी कागदात गुंडाळलेली. "ही असू द्या जवळ, दार उघडतं हिनं," म्हणाला. दार उघडायचं खरं, पण तीच चावी इंजिनाला लावली की ट्रक दोन सेकंद गुरगुरायचा आणि गप्प व्हायचा, आणि समोरचा कुलपाचं चित्र असलेला लाल दिवा डोळे वटारून बघत राहायचा. चावीच्या डोक्यात चिप असते आणि ट्रक या चिपला ओळखत नाही, एवढं मला कळलं. मी ती चावी मोजपट्ट्यांच्या खणात टाकली आणि विसरून गेले.

ती पुन्हा आठवली याला कारण भोंग्याचं दुखणं.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा तो दुकानात उभ्यानं चहा पीत होता आणि मला सांगत होता की पलीकडच्या गल्लीतला सुतार चौकटी वाकड्या करतो. बोलता बोलता थांबला. कप ओठांपासून बोटभर लांब. डोळे उघडे, माझ्या दिशेला, पण माझ्यावर नाहीत. मग ओठ हलायला लागले, तोंडात काही नसताना काहीतरी चघळत असल्यासारखे. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारणार तेवढ्यात तो म्हणाला, "आणि वर मलाच म्हणतो तुमची काच तिरकी," आणि चहा पिऊन टाकला. वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच त्यानं पुढं जोडलं होतं. मधे काही झालं हे त्याच्या गावीही नव्हतं.

हे मी आधी पाहिलेलं होतं. बाबा असेच थांबायचे. काचेवर रेघ अर्धी ओढलेली, काच कापायची हिरकणी हातात, आणि बाबा जागेवर नाहीत. आई आम्हाला खुणेनं गप्प करायची. "तंद्री लागलीय त्यांची," म्हणायची. आम्ही दोघं भिंतीला टेकून रेघ पुरी व्हायची वाट बघायचो. मी एकोणीस वर्षांची होते आणि भोंगा दहाचा, तेव्हा बाबा रेल्वेचे रूळ ओलांडताना मधेच थांबले. भर दुपारी, लख्ख उजेडात. गाडीनं तीन वेळा शिट्टी दिली, असं फाटकवाल्यानं सांगितलं. आई आजही म्हणते की त्यांना ऐकायला कमी यायचं.

त्यानंतर भोंग्याला ते ट्रकमध्ये झालं, मी शेजारी बसलेली असताना. सरळ रस्ता होता. तो काहीतरी विनोद सांगत होता, आणि विनोदाचा शेवट आलाच नाही. मी मान वळवली तर ओठ चघळत होते. पाय मात्र तिथंच, ट्रक तसाच पळत होता, आणि हळूहळू कडेला सरकायला लागला. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं. आम्ही खडीच्या ढिगात घुसलो आणि थांबलो. भोंगा शुद्धीवर आला तो माझ्यावर खेकसत. "काय गं ताई, डोकं फिरलंय का तुझं? चालत्या गाडीचं स्टिअरिंग ओढतेस?" मग उतरून मागं गेला, काचा बघून आला आणि म्हणाला, "नशीब तुझं, एक तडा नाही." त्याच्या लेखी त्या दिवशी घडलं ते एवढंच: बहीण घाबरली आणि काचा वाचल्या.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला तारा लावून तपासलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं. फिट म्हणजे फेस येऊन आडवं पडणंच नव्हे. भोंग्याचं हे थांबणं म्हणजे तिचीच धाकटी बहीण. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, आणि निदान वर्षभर गाडी चालवायची नाही. भोंग्यानं मान डोलावली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन चालकाच्या बाजूनं ट्रकमध्ये चढला. "त्या बाईला काय कळतंय गाडीतलं," म्हणाला. "पायी येते ती दवाखान्यात."

मी काय काय नाही केलं? चावी पिठाच्या डब्यात लपवली, ती आईनंच काढून त्याच्या हातात दिली. "चांगल्या धडधाकट पोराला आजारी ठरवू नकोस," मला म्हणाली. बॅटरीची तार काढली, ती त्यानं पाच मिनिटांत जोडली आणि वर मला विचारलं की ताई, उंदीर लागलेत का ट्रकला. भांडून बघितलं, रडूनही बघितलं, आणि मी सहसा रडत नाही. शेवटी त्यानं चावी दोरीत ओवून गळ्यात घातली. अंघोळीलाही काढायचा नाही. आणि त्या दोन महिन्यांत मी त्याला आणखी चार वेळा जागच्या जागी गायब होताना पाहिलं. न पाहिलेले किती, कोण जाणे.

ट्रक नसेल तर दुकान बंद. तो चालवायला मलाही येतो, फक्त भोंग्यानं मला कधी चालवू दिला नव्हता. म्हणजे मला हवं होतं ते इतकंच, की ट्रक माझ्या हातानं सुरू व्हावा आणि त्याच्या हातानं होऊ नये. झालं नाही तर माझा भाऊ मरणार होता, आणि त्याच्याबरोबर रस्त्यावरचं आणखी कोण, ते सांगता येत नव्हतं. तेव्हा मला खणातली चावी आठवली.

चावीवाल्याचं खोकं न्हाव्याच्या दुकानाला चिकटून आहे. मधे नुसती फळी, त्यामुळे दाढीला बसलेल्यांना चाव्यांच्या गप्पा फुकट मिळतात. माणूस हुशार, पण बोलघेवडा. त्यानं चावी उजेडात धरली, दाते बघितले, डोकं उघडून चिप बघितली.

"चावी उत्तम आहे तुमची," तो म्हणाला. "ट्रकला कुणी शिकवलीच नाही कधी."

"शिकवतात कशी?"

"मशीननं शिकवता येते, नाहीतर हातानं. तुमचा ट्रक जुना आहे, त्यात हाताची सोय असते. अर्धा तास बसायची तयारी पाहिजे फक्त." त्यानं बोटं पुढं केली. "ही चावी घालायची, फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही. लाल दिवा लागेल. दहा मिनिटं लागूनच राहील. हात लावायचा नाही. आपोआप विझला की चावी मागं घ्यायची, पाच अंक मोजायचे, परत पुढं. असं तीनदा. तिसऱ्यांदा विझला की चावी बाहेर काढायची. मधेच काढली तर सगळं पाण्यात, पहिल्यापासून करा."

"आणि जुनी चावी?"

"जुन्या सगळ्या विसरतो. कोरी पाटी. आधीच्या मालकानं एखादी गुपचूप ठेवली असेल तर तीसुद्धा मेली. लोक करतात ते त्याचसाठी."

मला तेवढंच हवं होतं. पण त्याचं संपलं नव्हतं.

"जुनीही चालायला हवी असेल तर एक करायचं. नवी काढली की दहा सेकंदांच्या आत जुनी घालून फिरवायची. तेवढा वेळ ट्रकचे कान उघडे असतात. ती पण शिकून घेतो. दहा झाले की कान बंद. मग कितीही डोकं आपटा."

"मला नकोय जुनी."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ट्रक तुमचा भाऊ चालवतो ना? इथंच येतो की दाढीला."

"हो," मी म्हटलं आणि घरी आले. त्याला सांगू नका, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण मग का म्हणून विचारलं असतं, आणि का ते सांगावं लागलं असतं. आमच्या घरातलं दुखणं आम्ही फाटकवाल्यापासून लपवलं, शेजाऱ्यांपासून लपवलं, ते चावीवाल्यापुढं कुठं उघडं करायचं? आईला नावं ठेवता ठेवता मी तिचंच शिकले होते. हे मला तेव्हा कळलं नाही.

चार दिवसांनी मी मुहूर्त धरला. दुकान बंद असायचा दिवस, पण अकरा वाजता टेकडीपलीकडच्या नव्या इमारतीत सहा काचा पोचवायच्या होत्या. टेकडीच्या रस्त्याला सात वळणं आहेत आणि पाच ठिकाणी कठडा नाही. काचा आदल्या संध्याकाळीच लाकडी घोड्यावर, म्हणजे तिरक्या चौकटीवर, उभ्या करून, पट्टे आवळून ट्रकवर चढवलेल्या होत्या. दहा वाजता मी खणातली चावी घेऊन अंगणात आले. भोंगा पायरीवर बसून बूट पुसत होता.

"ती दुसरी चावी लावून घेते जरा," मी म्हटलं. "अर्धा तास ट्रकला हात लावू नकोस."

"घे की. अजून वेळ आहे."

का, कशाला, आजच का, काही नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. त्याला फसवतेय याची लाज.

मी चढले, दार ओढून घेतलं, चावी घातली आणि फिरवली. लाल दिवा लागला. मांडीवर हात ठेवून मी बसून राहिले. ट्रकमध्ये जुन्या कापसाचा आणि रॉकेलचा वास येत होता. आमच्या फाटकातून रस्त्याचा चौकोनी तुकडा दिसतो. त्यातून एक बाई सायकल हातात धरून गेली, मग बराच वेळ कुणीच नाही. दहा मिनिटं ही किती मोठी गोष्ट आहे हे तुम्हाला लाल दिव्याकडे बघत बसल्याशिवाय कळायचं नाही.

भोंग्याचा एक बूट पुसून झाला. त्यानं दुसरा घेतला. मग मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला पायरीवर ठेवलं. बुटाचं काळं लागेल म्हणून, असं मी धरून चालले.

दिवा विझला. मी चावी मागं घेतली, पाच मोजले, पुन्हा फिरवली. दिवा लागला.

"एक झालं," भोंगा पायरीवरून म्हणाला.

मी काच खाली केली. "काय एक?"

"दिवा गेला ना मघाशी? इथनं दिसतो." आणि परत बूट पुसायला लागला. त्याचे बूट एव्हाना इतके चकाकत होते की आणखी पुसायला काही उरलं नव्हतं.

आई बाहेर आली, हातात दोन कप. एक तिनं त्याला दिला, दुसरा खिडकीतून मला. "नुसती काय बसलीस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, चावी लावतेय. "चावी लावायला अर्धा तास?" ती म्हणाली. "तुझे बाबा तर..." आणि थांबली. आमच्याकडे बाबांची वाक्यं अशीच अर्धी राहतात. ती आपल्या पाठीला हात लावून आत गेली, आणि जाता जाता भोंग्याच्या केसांवरून तिनं हात फिरवला. मी कप तसाच खाली ठेवला.

मला काहीतरी खटकत होतं. काय ते कळत नव्हतं. काच कापताना कधी कधी रेघ डोळ्यांना बरोबर दिसते पण आवाज चुकतो. करकर एकसारखी येत नाही, आणि तुम्हाला कळतं की ही काच रेघेवर तुटायची नाही, भलतीकडेच जाणार. तसा आवाज त्या अंगणात होता. मी भोंग्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता.

दिवा दुसऱ्यांदा विझला. मागं, पाच अंक, पुढं. दिवा लागला.

"दोन," तो म्हणाला आणि उठला.

सावकाश आला. शेजारच्या बाजूचं दार उघडलं, चढला, बसला. दार लावलं. घड्याळ त्यानं समोर, काचेखालच्या फळीवर ठेवलं, आम्हा दोघांना दिसेल असं. मग शर्टाच्या आतून दोरी वर काढली, डोक्यातून काढली आणि बोटाला गुंडाळली. चावी त्याच्या तळहातावर होती. अंगाच्या उबेनं आणि घामानं तिचं काळं डोकं फिकं पडलं होतं.



"चावीवाला फार बोलतो," भोंगा म्हणाला.

मी घड्याळाकडे पाहिलं.

"परवा दाढीला गेलो तर म्हणाला, तुमच्या ताईंनी लावली का चावी? तुमची पण शिकवून घ्या लगेच, त्या नको म्हणत होत्या पण विसरल्या असतील. दहा सेकंद असतात." तो हसला. राग नव्हता त्यात, हेच वाईट होतं. "मी म्हटलं, आमची ताई विसरत नाही काही."

"भोंग्या, ऐक माझं."

"ऐकतोय की. अजून वेळ आहे. आठ मिनिटं."

मी आठ मिनिटं बोलले. जे दोन महिने बोलत होते तेच, पण हळू आवाजात. बाबांचं सांगितलं. हिरकणी हातात धरून थांबायचे ते आठवतं ना, म्हटलं. तंद्री, तो म्हणाला. खडीचा ढीग आठवतो ना, म्हटलं. तू स्टिअरिंग ओढलंस, तो म्हणाला. चहाचा कप, सुताराची वाकडी चौकट, विनोद ज्याचा शेवट आला नाही, एकेक सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, लहान मूल शाळेतल्या गमती सांगतं ते मोठी माणसं ऐकतात तसं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "तू म्हणतेस तसं काही होत असेल तर मला कळणार नाही का? माझंच डोकं आहे."

त्याच्याकडे ते क्षण नव्हतेच. ते सगळे माझ्याकडे होते.

चावी मधेच ओढून काढावी, असं मनात आलं. पण मग सगळं पाण्यात, त्याची चावी जिवंत, आणि अकरा वाजता तो सात वळणांवर. पुढं जाऊ दिलं तर ते दहा सेकंद माझ्या हातात होते. चावीच्या भोकावर हात दाबून धरायचा, मी ठरवलं. दहाच तर मोजायचेत. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. सहा फुटी काच तो एकटा उचलतो.

दिवा विझला.

मी चावी मागं घेतली, बाहेर काढली आणि दुसरा तळवा भोकावर दाबला. भोंग्यानं माझं मनगट धरलं. दुखवलं नाही. काचेची पाटी उचलतात तसा, कडेनं, सांभाळून, त्यानं माझा हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला. तोवर दोन सेकंद गेले असतील. मग त्यानं आपली चावी भोकात घातली. आणि फिरवली नाही.

तो माझ्याकडे बघून हसत होता. घड्याळाचा सेकंदकाटा बाराच्या अंमळ पुढं होता. मला त्याचा हा खेळ पाठ आहे. पायरीवर उभा राहून, बस हलली की मग उडी मारायची. वेळ आहे हे मला दाखवायचं होतं त्याला. वेळ कुणाच्या हातात आहे, ते दाखवायचं होतं.

"तीन," तो म्हणाला. "चार."

मी पुन्हा हात पुढं केला, त्यानं कोपरानं अडवला.

"पाच."

आणि थांबला.

मला वाटलं, चिडवतोय. मग त्याच्या कोपरातला जोर गेला. डोळे माझ्या दिशेला होते, पण मी त्यांत नव्हते. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, निघताना दिवा घालवायचा विसरून जावं तसं. ओठ हलायला लागले. चघळायला लागले.

हात चावीवर होता. बोटं वळलेली, दोरी बोटांभोवती. मी काहीच केलं नाही. एरवी मी हाका मारते, खांद्याला धरते, आईला ओरडून बोलावते. या वेळी मी बसून राहिले आणि घड्याळाचा काटा बघत मनात मोजत राहिले. सहा. सात. बोटं थरथरली, आता चावी फिरते की काय. आठ. नऊ. माझ्या भावाला, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याला माझ्यासमोर फिट आली होती, आणि मी मनात म्हणत होते, थांब, अजून थोडं थांब, इतक्यात येऊ नकोस. दहा. अकरा. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बारा झाले, वीस झाले, काटा खाली जाऊन वर चढायला लागला, तरी ओठ चघळतच होते, आणि आता माझी वाचा परत आली आणि मी म्हणाले, "ये रे. ये आता."

तो आला.

"सहा," भोंगा म्हणाला आणि चावी फिरवली.

ट्रक दोन सेकंद गुरगुरला. मग गप्प झाला. लाल दिवा लागला आणि तसाच राहिला.

त्यानं चावी मागं घेऊन परत फिरवली. गुरगुर, आणि गप्प. तिसऱ्यांदा फिरवली. मी त्याला अडवलं नाही.

"चावीवाल्यानं चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. "मी सहालाच फिरवली. चार बाकी होते."

मी समोरच्या घड्याळाकडे बोट केलं. त्याचंच घड्याळ, त्यानंच ठेवलेलं. पाच म्हणाला तेव्हा सेकंदकाटा एकपाशी होता. आता तो नऊच्या पुढं गेला होता.

भोंगा घड्याळाकडे बघत राहिला. काटा बाराला आला, परत खाली निघाला, तरी तो बघत होता. त्यानं घड्याळ उचलून कानाला लावलं, चालतंय की नाही ते बघायला. मग पुन्हा काट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, चावीकडे, माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. दोन महिने मी तिच्यासाठी जंग जंग पछाडलं होतं, आणि आता ती समोर होती तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

"मी तर सहाच मोजले गं," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता, भोंग्याचा वाटू नये असा.

"हो."

"तू बघत होतीस?"

"हो."

पुढचं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं.

त्यानं आपली चावी भोकातून काढली, दोरी तिच्याभोवती नीट गुंडाळली आणि घड्याळाशेजारी ठेवून दिली. मी माझी चावी घातली आणि फिरवली. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. मागं काचा थरथरल्या, पट्टे करकरले. आई दारात येऊन उभी राहिली होती. मी चालकाच्या जागेवर आणि भोंगा शेजारी, असं तिनं पाहिलं, आणि पदर तोंडाशी नेला. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं की काय, ते मी त्या दिवशी विचारलं नाही.

अकराला पंचवीस कमी होते. मी ट्रक हळू फाटकाबाहेर काढला. भोंगा दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होता, आणि मी दर दहा पावलांवर त्याच्या ओठांकडे बघत होते. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, टेकडी दिसायला लागली.

"ताई," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीनं खरंच तीन वेळा शिट्टी दिली होती?"

"हो," मी म्हणाले. "तीन वेळा."